टायर बदलला, मग हवेचा आकडा जुनाच कसा चालेल?



पिकअप किंवा ट्रक घेऊन वाहतुकीचा धंदा सुरू करणारे बरेच जण कंपनीचे टायर काढून जास्त प्लायचे किंवा मोठ्या साइजचे टायर टाकतात. टाका, हरकत नाही. पण आता हवा किती भरता, असं विचारलं की उत्तर येतं, "पंक्चरवाल्याला सांगतो, कडक भर." माझं स्पष्ट मत आहे, "कडक" हा काही आकडा नाही. डिझेलचा हिशोब आपण रुपयात ठेवतो, मग हवेचा अंदाजावर का?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गाडीचं ओझं रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. आठऐवजी दहा प्लायचा टायर टाकला आणि हवा जुनीच ठेवली, तर पैसे जास्त गेले, ताकद वाढली नाही. जास्त प्लाय म्हणजे तो टायर जास्त दाब सहन करू शकतो, एवढंच.

म्हणून दोन आकड्यांवर डोळे झाकून जाऊ नका. दारावरच्या स्टिकरचा आकडा हा मूळ टायरसाठी असतो. आणि टायरच्या बाजूवर छापलेला दाब त्याच्या कमाल वजनाशी जोडलेला असतो, म्हणजे ती वरची हद्द आहे. तुमचा आकडा तुमच्या मालाच्या वजनावरून काढावा लागतो.

कसा काढायचा?

१. रोजचा माल भरून गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. दोन्ही वजनं वेगळी लिहा.

२. त्या एक्सलवर जितके टायर असतील, तितक्याने भागा. माल एका बाजूला जास्त बसतो, म्हणून वर दहा टक्के धरा.

३. टायरवरचा लोड इंडेक्स बघा. १०० म्हणजे ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. ट्रकच्या टायरवर १४६/१४३ असं असेल, तर एकेरी चाकाला ३,००० किलो आणि जोडी चाकात प्रत्येकी २,७२५ किलो. मागे जोडी असेल तर दुसरा आकडाच धरायचा.

४. डीलरकडून त्या साइजचा वजन आणि दाबाचा तक्ता मागा. तुमच्या वजनासमोर जो दाब दिसेल, तो तुमचा. तो स्टिकरपेक्षा कमी निघाला, तर टायर कंपनीला विचारल्याशिवाय हवा कमी करू नका. रिमची मर्यादाही विचारून घ्या.

समजा, पिकअपच्या मागच्या एक्सलवर १,८०० किलो भरले. दोन टायर, म्हणजे प्रत्येकी ९००. दहा टक्के धरले की ९९०. इथे १०६ इंडेक्सचा टायर कमीच पडतो. कितीही हवा मारा, उपयोग नाही. एक तर माल कमी करा, नाहीतर योग्य टायर घ्या. आणि टायर तगडा घेतला म्हणून आरसी बुकातली वजनाची मर्यादा वाढत नाही, हेही लक्षात ठेवा.

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. पळून आल्यावर दाब चढलेला दिसतो. तो बघून हवा सोडू नका, कारण टायर थंड झाला की ती कमी पडते. कमी हवेचा भरलेला टायर दर फेऱ्यात दबतो, वाकतो, आतून तापतो. आपल्या मलकापूरवरून भाजी भरून पुण्याकडे निघालात, मे महिन्याचं ऊन आहे, पुढे खंबाटकी घाट आहे. तिथे टायर फुटला, तर नुसता टायर जात नाही. ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागतो, माल नासतो आणि गिऱ्हाईक तुटतं. उलट हवा जास्त झाली, तर टायर मधूनच झिजतो आणि ब्रेक लावताना पकड कमी मिळते. दोन्ही कडा झिजल्या, तर समजा हवा कमी आहे.

काही जण म्हणतात, "एवढं कोण करत बसणार?" अहो, काट्याची पावती टायरच्या किमतीपुढे काहीच नाही. एक साधी वही ठेवा. त्यात तारीख, किलोमीटर आणि प्रत्येक चाकाची हवा लिहा. पुढचा टायर घ्यायची वेळ येईल, तेव्हा कोणाच्या सल्ल्याआधी ती वही उघडा. किलोमीटरला टायरचा खर्च किती पडला, ते तिथेच दिसेल. आणि तो खर्च माहीत असल्याशिवाय भाड्याचा दर ठरवू नका.