कापडी नॅपकिन कपाटातून बाहेर काढा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांत कापडी नॅपकिनांचा एखादा संच बहुधा असतोच. कुणी गृहप्रवेशाला दिलेला, नाहीतर सेलमध्ये हौसेने घेतलेला. तो कपाटात राहतो आणि टेबलावर किचन रोल येतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो संच बाहेर काढा आणि रोज वापरा.

पूर्वी ब्रिटनमधल्या मध्यमवर्गीय घरांत नॅपकिन रोजच्या वापरातलाच होता. नॅपकिनची कडी, म्हणजे नॅपकिन रिंग, त्यातूनच आली. धुणं आठवड्यातून एकदा निघायचं, म्हणून ज्याचा त्याचा नॅपकिन ज्याच्या त्याच्या कडीत सरकवून ठेवायचा आणि पुढच्या जेवणाला तोच घ्यायचा. बाळाच्या बाप्तिस्म्याला आद्याक्षरं कोरलेली चांदीची कडी भेट देण्याची पद्धत आजही आहे. पाहुण्यांपुढे मात्र कडी ठेवू नका. त्यांना धुतलेला, साध्या चौकोनी घडीचा नॅपकिन द्या. हंस, कमळं वगैरे घड्या हॉटेलांना शोभतात. घरी त्या करू नयेत, कारण तोंड पुसायच्या कापडाला जितके कमी हात लागतील तितकं बरं.

घेताना रंगाआधी लेबल वाचा. पॉलिएस्टर चुरगळत नाही, स्वस्तही पडतं, पण ते काही टिपत नाही. ओठांवरचं तेल नुसतं इकडून तिकडे फिरवतं. शंभर टक्के सुती किंवा शंभर टक्के लिनन घ्या. ज्या जवसाच्या बियांची आपण चटणी करतो, त्याच्याच उंच वाणाच्या खोडातून लिननचा धागा निघतो. हा धागा ओला झाला की आणखी मजबूत होतो, म्हणून लिनन वर्षानुवर्षं धुणं सोसतं. एकोणिसाव्या शतकात बेलफास्ट शहर याच कापडावर मोठं झालं. तिथलं जुनं पांढरं डमास्क, म्हणजे विणीतच नक्षी असलेलं कापड, चॅरिटी शॉपमध्ये अजून मिळतं. पांढऱ्यावर पांढरी वेलबुट्टी असते, समोरून धड दिसत नाही. कापड उजेडात तिरकं धरलं की फुलं उमटतात. तसंच उजेडाकडे धरून विरलेली जागा आहे का ते बघा, आणि कोपऱ्यांवरची टीप तपासा. जेवणासाठी ४५ ते ५० सेंटिमीटरचा चौकोन हवा. चहाला ३० चा पुरतो. नाताळसाठी लाल नॅपकिन घेतलेत तर पहिल्यांदा वेगळे धुवा, रंग जातो.

टेबलावर नॅपकिन काट्यांच्या डावीकडे किंवा छोट्या बशीवर ठेवतात. बसल्यावर उलगडायचा, अर्धा दुमडायचा आणि घडीची बाजू पोटाकडे करून मांडीवर पसरायचा. ओठ टिपायचे ते आतल्या बाजूने, म्हणजे डाग आत राहतो आणि कपडे वाचतात. पेल्याला तोंड लावण्याआधी एकदा टिपलं की काचेवर तेलकट ओठ उमटत नाहीत. नाकासाठी आपला रुमाल. जेवण झालं की नॅपकिन सैलसर गोळा करून ताटाच्या डावीकडे ठेवा. नीट घडी घातली तर तो पुन्हा वापरायचा, असा अर्थ होतो. कुणाच्या घरी मुक्कामाला असाल तर यजमान करतील तसं करा.

आपल्याकडे खरी धास्ती असते ती हळदीची. आमटीचा थेंब पडला की जीव जातो आणि म्हणूनच पांढरे नॅपकिन कपाटातच राहतात. पण हा डाग जातो. आधी भांडी घासायच्या लिक्विडने तेल काढा. साबण लागल्यावर पिवळा डाग लालसर होईल. घाबरू नका, अल्कली लागली की हळदीचा रंग असाच बदलतो. भरपूर पाण्यात खळबळून घ्या आणि उन्हात टाका. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. इंग्लंडचं ऊन कोवळं, तेव्हा दोन-तीन दिवस लागतील. बाहेर पाऊस असेल तर खिडकीच्या काचेशी वाळत घाला. रेड वाइन सांडली तर चोळू नका, टिपून घेऊन गार पाणी ओता. अंड्यालाही गारच पाणी. गरम पाण्याने ते धाग्यात शिजतं. आणि फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने कापडाचं पाणी शोषणं कमी होतं.

लिननला इस्त्री ते दमट असतानाच करायची. डमास्क आधी उलट्या बाजूने, मग सुलट, म्हणजे बुट्टीला चकाकी येते. रोजच्या नॅपकिनांना इस्त्रीची गरज नाही. ओले असताना झटका, हाताने सारखे करा आणि वाळले की घडी घाला. संच घेताना मात्र सहाचा न घेता एकसारखे बारा घ्या, म्हणजे चार धुण्यात गेले तरी पाहुणे अचानक आल्यावर किचन रोलकडे हात जाणार नाही.