हिरव्या त्रिकोणाचा भरवसा

तळेगाव ढमढेरे परिसरात कांद्यावर करपा आला की मॅन्कोझेब मारतात. पुड्यावर हिरवा त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा या उतरंडीतला हा सर्वांत सौम्य वर्ग. 1971 च्या कीटकनाशक नियमांनी ही उतरंड लावली ती निम्मे उंदीर किती मात्रेला मरतात यावरून. वजनाच्या दर किलोला 5000 मिलिग्रॅमहून जास्त लागले की हिरवा. म्हणजे मोजले ते फक्त मरण. गर्भाचे काय? युरोपीय संघाने हेच औषध प्रजननाला घातक ठरवले आणि डिसेंबर 2020 मध्ये त्याची परवानगी वाढवून देण्यास नकार दिला.

पंप पुरुषाच्या पाठीवर, म्हणून फवारणारा तो. पण मैत्रिणींनो, पाणी वाहणारी, त्याचे भिजलेले कपडे धुणारी, दुसऱ्या दिवशी त्याच वाफ्यात खुरपायला बसणारी कोण? पुडा तर तिच्या हातातही येत नाही. आला, तरी अक्षरे मुंगीएवढी!

वर्ग ठरवताना गर्भावरचे आणि पाळीवरचे परिणाम धरलेच पाहिजेत. फवारलेल्या रानात किती दिवस शिरायचे नाही, हे ठळक छापावे. आणि तेवढ्या दिवसांचा बाईचा रोज बुडता कामा नये.