आपलेपणा मागता, मग मालकी का नाही?

गेल्या काही वर्षांत नाशिकमध्ये कचेरीचा एक नवा प्रकार रुजू लागला आहे. एकाच मजल्यावर लेखापाल, संगणकतज्ज्ञ, वास्तुविशारद, विमा सल्लागार आणि नुकताच धंदा सुरू केलेले दोन-तीन तरुण शेजारी शेजारी बसतात. टेबले, वीज, इंटरनेट, बैठकीची खोली आणि चहाचा कोपरा सर्वांचा. भाडे महिन्याचे, प्रसंगी दिवसाचेही. याला 'को-वर्किंग' म्हणतात. मराठीत सामायिक कचेरी म्हणता येईल. २०२० च्या महासाथीनंतर पुण्या-मुंबईची नोकरी गावी राहून करण्याचा पर्याय अनेकांपुढे आला आणि मध्यम शहरांतील अशा कचेऱ्यांना गिऱ्हाईक मिळू लागले.

कचेरी नवी असली तरी तिचे दुखणे जुनेच आहे. सारा कारभार एकदोन माणसांच्या डोक्यात असतो. वीज गेल्यावर आधी काय सुरू करायचे, बैठकीची खोली दोघांना एकाच वेळी दिली गेली तर कोणाला थांबवायचे, भाडे थकविणाऱ्या सभासदाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे त्या माणसाला ठाऊक असते; कोठे लिहिलेले नसते. तो माणूस रजेवर गेला की कचेरीही रजेवर जाते. मग मालक दोन उपाय योजतो. 'सर्व कामे लिहून काढा,' असा हुकूम निघतो. आणि 'ही कचेरी आपली समजून काम करा,' असे आवाहन होते. दोन्ही उपाय योग्य दिशेचे आहेत. परंतु दोन्ही अर्धवट आहेत, आणि त्यांचा उरलेला अर्धा भाग कोणी उच्चारीत नाही.

लेखी पद्धतीचे मोल

कामाची पद्धत लिहून ठेवणे म्हणजे कागदी घोडे नाचविणे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. नाशिक जिल्ह्याने तरी ती कधीच टाकून द्यायला हवी होती. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला, माल अडकला आणि निर्यातदार व बागाईतदार यांना मोठा फटका बसला. त्यापूर्वीच, २००६ पासून, 'ग्रेपनेट' या व्यवस्थेखाली निर्यातीच्या बागांची नोंदणी सुरू झाली होती. पण केवळ नोंदणी पुरत नाही, काय तपासायचे तेही नेमके लिहिलेले असावे लागते, हा धडा त्या हंगामाने दिला. निर्यातीची द्राक्षे पिकविणारा दिंडोरी-निफाडचा शेतकरी कोणत्या दिवशी कोणते औषध, किती प्रमाणात फवारले याची नोंद ठेवतो. ही वही त्याला ओझे वाटत नाही, कारण तिच्या आधारावर त्याच्या मालाला परदेशी बाजारपेठ मिळते.

या शेवटच्या वाक्यातच खरी गोम आहे. नोंद ठेवणारा आणि नोंदीचा लाभ घेणारा हा एकच माणूस आहे. बाग त्याची, वही त्याची, पैसाही त्याचाच. सामायिक कचेरीत मात्र वही लिहिणार स्वागतकक्षातील मुलगी, साफसफाई करणाऱ्या मावशी आणि विजेचे-इंटरनेटचे पाहणारा तरुण. आणि तिचा लाभ जाणार मालकाकडे. एका ठिकाणी सहज घडणारी गोष्ट दुसऱ्या ठिकाणी हुकूम काढूनही का घडत नाही, याचे उत्तर कर्मचाऱ्यांच्या आळसात नाही. ते या फरकात आहे.

फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली, तेव्हा ही गोष्ट त्याने लपविली नव्हती. कामगारांजवळ परंपरेने साठलेले ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे आणि त्याचे नियमांत रूपांतर करावे, असे त्याने स्पष्टच सांगितले होते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर अंगच्या अनुभवाने मिळविलेले ज्ञान हे कर्मचाऱ्याचे भांडवल असते. बहुधा तेवढेच असते. ते जोवर त्याच्या डोक्यात आहे तोवर त्याला काढून टाकणे महाग पडते. ते कागदावर उतरले की त्याच्या जागी कमी पगाराचा दुसरा माणूस बसविता येतो. तेव्हा 'सर्व लिहून काढा' या हुकमाचा खरा अर्थ 'तुमचे भांडवल संस्थेत जमा करा' असा होतो. भांडवल जमा करून घेणाऱ्याने पावती द्यावी लागते. उसाच्या कारखान्यात शेतकरी भाग घेतो तेव्हा त्याला भागपत्र मिळते. कचेरीतील कर्मचाऱ्याला मात्र बहुतेक वेळा केवळ शाबासकी मिळते.

दोन शब्दांची गल्लत

येथे इंग्रजी भाषेने एक सोय करून ठेवली आहे. 'ओनरशिप' या एकाच शब्दात आपलेपणा आणि मालकी हे दोन्ही अर्थ सामावतात. त्यामुळे व्यवस्थापनाच्या शिबिरांतून कर्मचाऱ्यांना 'ओनरशिप' घ्यायला सांगितले जाते, तेव्हा त्यांना जबाबदारी मिळते, काळजी मिळते, रात्रीअपरात्री येणारे दूरध्वनी मिळतात. मालकीचे जे खरे लक्षण, म्हणजे वर्षाअखेरीस उरलेल्या शिलकीवर हक्क, ते मात्र मिळत नाही. मराठीत हे दोन शब्द निराळे आहेत, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. त्यामुळे प्रश्न सरळ विचारता येतो: आपलेपणा मागणारा मालकीतील काही वाटा देण्यास तयार आहे काय?

सामायिक जागेची परंपरा नाशिकला परकी नाही. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हे अनेकांनी मिळून चालविलेल्या जागेचे जुने उदाहरण आहे. नाशिकची आणि सिन्नरची सहकारी औद्योगिक वसाहत हे त्याच विचाराचे कारखानदारीतील रूप. रस्ते, पाणी, दिवे यांचा भार अनेक लहान उद्योजकांनी एकत्र येऊन उचलला. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची 'सह्याद्री' ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी तर देशभर अभ्यासली जाते. या सर्व ठिकाणी मालकी वाटली गेली, ही मोठीच गोष्ट. परंतु ती वाटली गेली वाचकांत, कारखानदारांत आणि बागाईतदारांत. ग्रंथालयातील शिपाई, वसाहतीतील कामगार किंवा द्राक्षे निवडणाऱ्या बाया यांच्यापर्यंत सहकाराचा हा विचार मालकीच्या रूपाने क्वचितच पोचला. यात नाशिक एकटे नाही. आधुनिक सहकाराचे उगमस्थान मानले जाणारे इंग्लंडमधील रॉचडेल १८४४ चे. तेथील सहकारी कापड गिरणीने कामगारांना नफ्यात दिला जाणारा वाटा १८६२ साली, भागधारकांच्या बहुमताने, बंद करून टाकला होता.

लिज्जत आणि कमानी

मालकी वाटली तर शिस्त राहत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. येथे प्रत्येक सभासद भगिनी मालक आहे. नफा सर्वांचा, आणि तोटा आला तर तोही सर्वांचा. तरीही, किंवा म्हणूनच, तेथील कार्यपद्धती काटेकोर आहे. पीठ शाखेत एकत्र मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात, दुसऱ्या दिवशी माल वजन करून, तपासून घेतला जातो आणि लाटणावळ हाती पडते. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. कोणा तज्ज्ञाने येऊन हा उपाय सांगितला नव्हता. ज्यांचे नुकसान होत होते त्यांनीच तो शोधला आणि पद्धतीत घातला. चांगली कार्यपद्धती अशी जन्मते.

उलट, नुसती मालकी दिल्यानेही भागत नाही. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज हा बंद पडलेला कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. देशात गाजलेली ही घटना. कामगारांनी त्याग केला, कारखाना पुन्हा सुरू झाला आणि सुरुवातीला त्याने नफाही दाखविला. पुढे मात्र १९९० च्या दशकात तो पुन्हा अडचणीत सापडला. खेळत्या भांडवलाची चणचण हे एक कारण होतेच. परंतु मालक असलेल्या कामगाराने पर्यवेक्षकाचा शब्द कोठवर मानायचा, संघटनेचे काम कोठे संपते आणि व्यवस्थापनाचे कोठे सुरू होते, हेही अशा प्रयोगांपुढचे अवघड प्रश्न असतात. ते वेळीच ठरवून लिहिले नाहीत, तर मालकीच भांडणाचे मूळ होऊन बसते.

तेव्हा लेखी पद्धती आणि मालकी या एकमेकींना आधार देणाऱ्या गोष्टी आहेत. पद्धती नसेल तर मालकी कलहात विरते. मालकी नसेल तर पद्धती कपाटात पडून राहते.

तिसरीही एक गोष्ट लागते: चूक सांगण्याची मुभा. नाशिक रोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयाइतकी कडक मोजणी क्वचितच कोठे होत असेल. तरीही २०२१ मध्ये तेथे पाच लाख रुपयांच्या नोटांचा हिशेब लागेना, पोलिसांत तक्रार गेली, आणि अखेर त्या चोरीस गेल्या नसून कामाच्या ओघात चुकून नष्ट झाल्याचे निष्पन्न झाले. नोंदींची काटेकोर व्यवस्था असूनही चूक पोलिसांची पायरी चढल्यावरच उलगडावी, यातून घेण्याचा धडा सर्वांसाठी आहे. नियम कितीही कडक असोत, चूक घडताक्षणी ती निर्धास्तपणे सांगता येईल अशी हवा संस्थेत नसेल, तर नियम सत्य झाकण्याच्याच कामी येतात.

काय करता येईल

सामायिक कचेरीसारख्या आठ-दहा कर्मचाऱ्यांच्या संस्थेत हे सारे करणे मोठ्या कारखान्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. पहिली गोष्ट, प्रत्येक कामाचे एक पान, आणि ते पान ते काम करणाऱ्यानेच, त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहावे. कचेरी उघडणे, सभासदाची नोंद, वीज जाणे, तक्रार, थकबाकी, अशी वीस-पंचवीस पाने पुरेत. ती मराठीत असावीत. सफाई करणाऱ्या मावशींना वाचता न येणारे पान त्यांच्या कामाचे असूच शकत नाही. दुसरी गोष्ट, महिन्यातून एकदा सर्वांनी बसून पाने दुरुस्त करावीत, आणि दुरुस्ती सुचविणाऱ्याचे नाव त्या पानावर राहावे. तिसरी, जमाखर्च सर्वांसमोर मांडावा. शिल्लक किती हे ठाऊक नसलेल्या माणसाला काटकसर शिकविणे हा निव्वळ उपदेश ठरतो. चौथी, शिलकीचा ठरावीक हिस्सा आधी जाहीर केलेल्या सूत्राने कर्मचाऱ्यांत वाटावा. दिवाळीचा बोनस मालकाच्या मर्जीने येतो; हा हिस्सा हक्काने यावा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष भागमालकी. तिला कायद्याची आडकाठी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याखाली कर्मचाऱ्यांना भाग देण्याची योजना करता येते. भाग देऊ केल्यापासून ते हाती येईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते, म्हणजे टिकून राहणाऱ्यालाच लाभ होतो. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारीच्या कायद्याने अनुभवी कर्मचाऱ्याला भागीदार करून घेता येते. निराळ्या कुटुंबांतील दहा माणसे एकत्र आली तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचा मार्गही आहे. त्यात कर्मचाऱ्यांच्या जोडीला तेथे बसून काम करणारे सभासदही घेता येतील.

यावर आक्षेप येतील. अशा कचेऱ्यांचा नफा मुळात थोडा, मग वाटायचे काय? कर्मचारी वर्ष-दोन वर्षांत सोडून जातात, मग भाग कोणाला द्यायचे? पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की नफा थोडा असतो तेव्हाच विजेची बचत, सभासद टिकविणे, नासधूस टाळणे या लहान गोष्टींना महत्त्व येते, आणि त्या मालकाच्या हाती नसून कर्मचाऱ्यांच्या हाती असतात. दुसऱ्याचे उत्तर प्रश्नातच आहे: जेथे आपले काही नाही तेथून माणूस जाणारच. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मालकी म्हणजे तोट्यातही वाटा, आणि महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्याने तो का सोसावा? न्याय्य वाटणी अशी की किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांना कोणत्याही योजनेने हात लावू नये; भागमालकी त्यावर मिळावी, त्याऐवजी नव्हे. पगार कापून भाग देणे म्हणजे मालकाने आपली जोखीम नोकराच्या खिशात घालणे होय.

उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे तत्त्व ४३-अ या अनुच्छेदाने संविधानात १९७६ साली आले. मोठ्या कारखान्यांत त्याचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. समित्या नेमल्या गेल्या आणि बहुतेक ठिकाणी त्या कागदावर राहिल्या. सहकाराचे थोर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म १९०१ साली नाशिकचाच. प्रवरेच्या कारखान्यापाशी त्यांनी आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी ऊस पिकविणाऱ्याला मालक केले, तेव्हाही 'हे जमणार नाही' म्हणणारे पुष्कळ होते. कारखान्याच्या मानाने सामायिक कचेरी ही अगदी लहान गोष्ट. पण लहान संस्थेत प्रयोग फसला तर नुकसान थोडे होते, आणि साधला तर त्याची नक्कल शाळा, दवाखाने, पतपेढ्या अशा कितीतरी ठिकाणी करता येते. 'ही संस्था आपली समजा,' असे कर्मचाऱ्यांना सांगणाऱ्या प्रत्येक चालकाने त्या वाक्यातील 'समजा' हा शब्द काढून टाकण्याची तयारी ठेवावी. तेवढी तयारी नसेल, तर निदान कामाचा पगार चोख द्यावा आणि आपलेपणाची मागणी करू नये.