आंबवणाचा पहिला धडा

आमच्या सासूबाईंचें वय आज ८४ वर्षांचें. पण दुकानचा पाव त्यांनीं कधीं तोंडांत घातला नाहीं. तो कोणीं, कशानें फुगविला हें ठाऊक नसतां खावा कसा, एवढाच त्यांचा आक्षेप. गोमंतकांतले पोदेर माडाच्या सुरेनें पीठ आंबवीत, हें त्यांनीं लहानपणीं ऐकलेलें. म्हणून केवळ कणीक व पाणी यांच्या आंबवणावर फुगणारा पाव, ज्यास हल्लीं ‘सॉवरडो’ म्हणतात, तो घरीं करण्याचें मीं गेल्या चैत्रांत मनावर घेतलें.

काचेच्या बरणींत ५० ग्रॅम कणीक तितक्याच पाण्यांत कालविली. रोज त्यांतील ५० ग्रॅम ठेवून पुन्हां ५०-५० ग्रॅम कणीक व पाणी घालावयाचें. पहिल्या आठवड्यांत काढलेलें पीठ टाकून द्यावें. पुढच्या पिठाचीं धिरडीं उत्तम होतात.

दुसरे दिवशीं बरणी भराभर फसफसली. वास मात्र उग्र. चौथे दिवशीं सारें शांत! प्रयोग फसला असें समजून मी बरणी मोरीकडे नेऊं लागलें, तों सासूबाई म्हणाल्या, “अगो, टाकूं नकोस. वास घेऊन पाहा. परवां उग्र होता, आज ताकासारखा येतो. तें मेलेलें नाहीं.”

शास्त्रही हेंच सांगतें. आरंभीं फसफसविणारे जंतु निराळेच असतात. आम्ल वाढलें कीं ते मागें पडतात, आणि आम्लांत तग धरणारे दह्याच्या जातीचे जंतु व यीस्ट सावकाश जोर धरतात. आठवे दिवशीं आंबवण पांच तासांत दुप्पट झालें.

मग ५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम आंबवण व १० ग्रॅम मीठ एकत्र मळून, पुस्तकाच्या आज्ञेप्रमाणें रात्रभर ठेविलें. पुस्तक थंड देशांतलें, हें मीं ध्यानांत घेतलें नाहीं. सकाळीं पीठ पार सैल व चिकट झालेलें. पाव भाकरीसारखा चपटा आणि आंबटढाण!

दुसऱ्या खेपेस सासूबाई स्वतः पिठाजवळ बसल्या. हात कांपतात म्हणून त्यांना स्वयंपाकघरांतून आम्हींच दोन वर्षांपूर्वीं निवृत्त केलें होतें, आणि त्यानंतर त्यांना कोणी कांहीं विचारीतही नसे, हें मला त्या दिवशीं प्रथम जाणवलें. साडेचार तासांनीं पिठावर बोट दाबून त्या म्हणाल्या, “आतां घे. आणखी थांबलीस तर उतरेल.” मीं गोळा वळून तासभर विसावूं दिला. तापलेल्या बिडाच्या भांड्यांत, २३० अंश सेल्सिअसवर, २० मिनिटें झांकून व २० मिनिटें उघडा असा तो भाजला. पाव फुगला, तडकला, खमंग झाला.

पूर्ण निवाल्यावर सासूबाईंनीं एक काप तूप लावून खाल्ला. मी श्वास रोधून पाहत होतें.

“पुढच्या खेपेस मीठ किंचित् कमी घाल,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा काप घेतला.