‘मन घट्ट करा’ म्हणणाऱ्यांस

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत दुःखावर सर्रास दिले जाणारे एक औषध आहे. त्यास दाम पडत नाही, ते घरोघरी तयार असते आणि देणाऱ्यास त्याची काडीमात्र तोशीस लागत नाही. ते औषध म्हणजे ‘मन घट्ट कर’ हा उपदेश. नोकरी गेलेल्या जावयास तो केला जातो. दहावीच्या परीक्षेच्या धास्तीने ज्याला जेवण जात नाही त्या मुलास केला जातो. बाळंतपणानंतर कारणावाचून जिचे डोळे भरून येतात त्या सुनेस केला जातो. आणि पत्नी गेल्यावर रिकाम्या घरात बसलेल्या वृद्धासही तोच केला जातो. रोग निराळे, प्रकृती निराळ्या, मात्रा मात्र एकच! एखाद्या वैद्याने असा धंदा चालविला असता, तर शहाण्या माणसाने त्याची पायरी चढली नसती. परंतु ही मात्रा वडीलधाऱ्यांच्या हातून मिळत असल्यामुळे तिच्या गुणाची चौकशी करावी, असे कोणाच्या मनात येत नाही. ती चौकशी करण्याचे आम्ही येथे योजिले आहे, आणि आमचा अभिप्राय आरंभीच सांगून टाकतो. ह्या उपदेशाने दुःखिताला धीर येत नाही. त्याचे तोंड तेवढे बंद होते.

नव्या पिढीस हा उपदेश जुनाट वाटतो. पण तिने त्याची जी नवी आवृत्ती काढली आहे, तीत वेष्टनापलीकडे काही नवे आहे असे आम्हांस दिसत नाही. ‘सकारात्मक राहा’ हे ह्या आवृत्तीचे नाव. सूर्योदयाच्या चित्रासह रोज सकाळी मोबाईलवर येऊन पडणारे सुविचार तिचाच प्रचार करीत असतात. कचेऱ्यांतून ताणमुक्तीची शिबिरे भरतात. तेथे दोन तास डोळे मिटून श्वास मोजावयास लावतात, आणि त्याच रात्री नऊ वाजता त्याच माणसास कामाचा निरोप धाडतात. आजोबा ‘रडू नकोस’ म्हणत. नातू ‘नकारात्मक बोलू नकोस’ म्हणतो. शब्द बदलले, हुकूम तोच राहिला.

ह्या हुकुमाच्या मुळाशी अशी समजूत आहे की, ताण ही स्वभावाची दुर्बलता असून इच्छाशक्तीच्या जोरावर तिला दडपता येते. ह्या समजुतीचा पहिला भाग फार पूर्वीच ढासळला आहे. हान्स सेल्ये ह्या शास्त्रज्ञाने १९३६ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात आपले उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम अशी कारणे वेगवेगळी. तरी उंदरांच्या शरीरात होणारे फेरफार एकाच वळणाचे. मूत्रपिंडांवरील ग्रंथी फुगत, जठराला व्रण पडत. त्या बिचाऱ्या उंदरांना मन घट्ट करण्याचा उपदेश कोणी केला असता, तर त्यांचे व्रण भरून आले असते काय?

दुसऱ्या भागाची गत ह्याहून बरी नाही. औषध घेताना माकडाची आठवण करू नका, असे सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली आहे. डॅनियल वेग्नर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली तीच गोष्ट प्रयोगाने तपासली. त्याने माकडाऐवजी पांढरे अस्वल घेतले. पाच मिनिटे त्याचा विचार करावयाचा नाही आणि तो आलाच तर घंटा वाजवावयाची, असे त्याने विद्यार्थ्यांस सांगितले. घंटा वाजत राहिल्या. इतकेच नव्हे, तर बंदी उठल्यावर ते अस्वल अधिकच जोराने त्यांच्या मनात शिरले. पुढे १९९७ साली जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हन्सन ह्यांनी दुःखद चित्रपट पाहताना चेहऱ्यावर काही दिसू न देण्यास सांगून पाहिले. तेव्हा दुःख कमी झाले नाही. हृदय व रक्तवाहिन्या ह्यांवरील भार तेवढा वाढला. ह्याच विषयावर २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर कुटुंबवत्सल वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावा असा आहे. दोन अपरिचित स्त्रियांस एका क्लेशदायक विषयावर बोलावयास बसवून, त्यांतील एकीस भावना लपविण्यास सांगितले. तेव्हा समोर बसलेल्या दुसरीचाही रक्तदाब अधिक चढला. तासाभराच्या परिचयात हे घडते, तर एकाच छपराखाली वर्षानुवर्षे काय घडत असेल, ह्याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

येथे परंपरेचा कैवार घेऊन कोणी म्हणेल की, संतांनी आम्हांस मनोनिग्रहच शिकविला आहे. हा दाखला आम्ही आनंदाने स्वीकारतो, कारण तो आमच्याच बाजूचा आहे. समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. ते मनाला हाक मारतात, समजावतात, प्रसंगी दटावतात. पण त्याच्याशी बोलणे सोडीत नाहीत. ज्याचे तोंड बांधावयाचे, त्याच्याशी कोणी २०५ श्लोक बोलत बसत नाही. आणि तुकोबा? १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचे द्रव्य गेले, मान गेला आणि एक पत्नी अन्नावाचून मेली, हे आपणांस ठाऊक आहे ते त्यांच्याच अभंगांमुळे. आपले दिवाळे आणि त्यापायी वाटलेली लाज त्यांनी चारचौघांत गाऊन सांगितली. आज त्यांनी तसे केले असते, तर त्यांसही सकारात्मक राहण्याचा सल्ला मिळाला असता, ह्यात आम्हांस शंका नाही.

संतांची गोष्ट मोठी म्हणून सोडून दिली, तरी आपल्या आज्या-पणज्यांचे काय? हेमा राईरकर व गी प्वातवाँ ह्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ ह्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या वाचाव्यात. सासुरवास, नवऱ्याचा मार, मेलेले मूल, लांबलेले माहेर ह्यांपैकी काही त्यांत लपविलेले नाही. जात्याचे ते कष्ट पुन्हा यावेत असे आम्ही म्हणत नाही; पिठाची गिरणी आली हे फार चांगले झाले. परंतु जात्याच्या खुंट्याला दुसऱ्या बाजूने हात लावणारी एक बाई समोर बसलेली असे आणि ती ऐकत असे. गिरणीने दळण पत्करले. ऐकण्याचे काम मात्र कोणीच पत्करले नाही.

आमच्या प्रतिपक्षाचा एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. तो असा की, दुःख उगाळल्याने वाढते. हे खरे आहे. तेच तेच मनात घोळवीत राहण्याची सवय खिन्नता लांबविते, हे सुसान नोलेन-होक्सेमा ह्या विदुषीच्या अभ्यासातून दिसून आले आहे. भयंकर प्रसंगातून नुकत्याच सुटलेल्या माणसास एकाच बैठकीत सारे काही सांगावयास लावण्याची एक पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ होती. २००२ सालच्या कोक्रेन समीक्षेत तिचा लाभ आढळला नाही आणि अशी सक्ती बंद करावी, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा कोणास बळेच बोलते करावे, हे आमचे म्हणणे नाही. जो गप्प राहू इच्छितो त्याला गप्प राहू द्यावे. आमचे भांडण एवढेच आहे की, जो बोलू इच्छितो त्याचे बोलणे आपण पहिल्याच वाक्यात तोडतो. शिवाय बोलणे आणि उगाळणे ह्यांत भेद आहे. उगाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो; त्याच्या बोलण्यास वळण देणारा, ‘मग पुढे काय करावयाचे?’ असे विचारणारा कोणी जवळ नसतो. दाराआड कोंडलेले दुःख दाराआडच फिरत राहते, आणि दाराला कडी आपणच लाविलेली असते.

श्वसन, योगासने, सायंकाळचे फिरणे, रोजनिशी ह्यांचीही आम्ही थट्टा करीत नाही. सावकाश घेतलेल्या श्वासाने धडधड उतरते. चालण्याने झोप सुधारते. १९८६ साली जेम्स पेनेबेकर ह्यांनी काही विद्यार्थ्यांकडून चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील अतिशय क्लेशकारक अनुभव लिहून घेतला. लिहिल्यावर लागलीच ते अधिक खिन्न झाले, परंतु पुढील महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नंतरच्या प्रयोगांत हा लाभ बेताचाच आढळला. तरी कागद आणि लेखणी ह्यांच्या किमतीत तो महाग नव्हे. ही सारी साधने चांगली आहेत. ‘जा, श्वास मोज, पण आम्हांस काही सांगू नकोस’ अशा हेतूने ती हाती दिली जातात, तेव्हा मात्र ती साधने राहत नाहीत. ती माणसाला टाळण्याची सबब होतात.

आपण टाळतो का? आमच्या मते ह्याचे कारण निर्दयता हे नव्हे. ऐकले की काही करावे लागते, ह्याची आपणांस धास्ती असते. २०१९ सालच्या सरकारी कालविनियोग पाहणीत असे दिसले की, घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, आणि जे थोडे पुरुष त्यांस हात लावतात त्यांचा ९७ मिनिटे. अशा घरातील गृहिणीने ‘मी थकले आहे’ म्हटले आणि ते नीट ऐकून घेतले, तर उद्यापासून कोणाला तरी भांडी घासावी लागतील. मुलाची धास्ती ऐकून घेतली, तर नातेवाइकांत मिरवावयाच्या टक्क्यांवर पाणी सोडावे लागेल. त्यापेक्षा मन घट्ट करण्याचा उपदेश स्वस्त पडतो, कारण त्यात बदलावयाचे असते ते दुःखिताने. आपण जेथे बसलो आहोत तेथून हलण्याचे कारण नसते.

ऐकण्यास मोठी विद्वत्ता लागते, ही सबबही आता उरलेली नाही. गोव्यातील सरकारी प्राथमिक आरोग्यकेंद्रांत ‘संगाथ’ ह्या संस्थेने गंभीर खिन्नतेच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. थोडके शिक्षण देऊन तयार केलेली सामान्य माणसे होती. सहा ते आठ भेटींत ऐकून घेणे, आणि रुग्णास त्याच्या आवडीचे व गरजेचे एकेक काम पुन्हा हाती घ्यावयास लावणे, एवढ्याने नेहमीच्या उपचाराहून अधिक रुग्ण सुधारले. घरातील माणसांनी असे उपचारक व्हावे, असे आम्ही सुचवीत नाही. दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे येते, अशा वेळी तज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी देखील घरात कोणीतरी आधी ऐकून घेतलेले असावे लागते.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. पुढच्या खेपेस घरातील कोणी आपली काळजी सांगू लागेल, तेव्हा पहिली पाच मिनिटे उपदेश करू नये. नंतर ‘ह्यात मी काय करू?’ एवढेच विचारावे, आणि जे उत्तर येईल त्यातील निदान एक गोष्ट त्याच आठवड्यात करावी. इतके केल्यावर ज्यास ‘मन घट्ट कर’ म्हणावेसे वाटेल त्याने ते खुशाल म्हणावे. त्यापूर्वी तो अधिकार त्यास नाही.