वाडा पाडण्याआधी मोजून घ्या

दिवाळीच्या सुट्टीवरून होस्टेलवर परत आलो की चिवड्याचे डबे रिकामे होईपर्यंत गप्पा रंगतात, आणि त्यात हमखास एक वाक्य येतं, "गावाकडं आमचा वाडा आहे, तीनशे वर्षांचा!" प्रत्येकाचा वाडा तीनशे वर्षांचाच कसा आणि प्रत्येकाचे पूर्वज सरदारच कसे, हे कुणी विचारत नाही. वायव्हाला "हा आकडा कुठून आणला?" म्हणून परीक्षक घाम फोडतात. घराण्याच्या इतिहासाला मात्र आपण कधीच पुरावा मागत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पूर्वज शोधायचे असतील तर सुरुवात वाड्यापासून करा, आणि लवकर करा. कारण वाडे भराभर पडतायत.

माझं गाव दुधनी, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर. सोलापूरहून कलबुर्गीकडे, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हद्दीचं स्टेशन. घरात कन्नड, शाळेत मराठी. अक्कलकोटला भोसल्यांचं संस्थान होतं, ते 1948 साली मुंबई राज्यात विलीन झालं. पलीकडचा आळंदचा मुलूख त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आमच्या भागात एकाच घराण्याचे कागद तीन लिप्यांत सापडतात. अलीकडचे मोडीत, पलीकडचे उर्दूत आणि देवाधर्माचे कन्नडमध्ये. सनसुद्धा वेगवेगळे. शके असेल तर 78 मिळवायचे, निजामाकडचा फसली असेल तर 590. म्हणजे शके 1832 आणि फसली 1320 हे दोन्ही साधारण 1910 च्या आसपासचे. एवढं गणित आपल्याला यायला हरकत नाही, एम-थ्री पास झालोय!

आता वाड्याकडे या. आमच्याकडचे वाडे माळवदाचे. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचं सपाट छप्पर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर किती मोठं हे खणांवर सांगायचं. सोप्यात मध्येच एखादी बारीक विटांची भिंत दिसली, तुळई भिंतीच्या आरपार गेलेली दिसली, तर ती भिंत नंतरची. म्हणजे तिथं भावाभावांत वाटणी झाली. वाटणीपत्र हरवलं तरी भिंत उभी असते.

आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली कथा अशी, की आमचे पूर्वज भोसल्यांच्या पदरी लढायांना जायचे. पण वाड्यात काय आहे? अंगणात धान्याची दोन पेवं, भिंतीत बळद, आणि रस्त्याच्या बाजूला उंच ओटा, ज्यावर पोती उतरवता येतील. भाला ठेवायला जागा कुठंच नाही, ज्वारी ठेवायला जागा सगळीकडं. मुंबईहून आलेली रेल्वे सोलापूर, गुलबर्गा करत 1871 पर्यंत रायचूरला पोचली होती, आणि दुधनी पुढं धान्याची पेठ झाली. आमचे लोक अडत्ये होते, हे वाडाच सांगतो. मला तर त्याचा अभिमान वाटतो. सरदारापेक्षा तराजू सरळ धरणारा पूर्वज काही कमी नाही.

वाड्याचं वयही तपासता येतं. मधल्या खोलीतल्या एका लोखंडी गर्डरवर टाटांचा शिक्का आहे. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पहिलं पोलाद तयार झालं 1912 साली. म्हणजे तो गर्डर त्यानंतरचाच. यावरून अख्खा वाडा त्यानंतरचा ठरत नाही, पण ती खोली शिवकालीन आहे असं आता कुणी म्हणू शकत नाही.

आणि बायका? जुन्या वंशावळीत मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. लेकी नाहीत, सुनाही नाहीत. 2005 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मापासून मिळाला, तरी भिंतीवर लावलेल्या जुन्या तक्त्यांत ती अजून आलेली नाही. पण माजघरातली भांडी उतरवून बघा. घागरीवर, परातीवर, तांब्यावर नाव घातलेलं असतं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधीकधी गाव आणि तारीखसुद्धा. माहेरची गावं तिथंच कळतात. वाडा रिकामा करताना सगळ्यात आधी हीच भांडी किलोवर जातात. मोडी कागद रद्दीत आणि भांडी मोडीत, मग राहिलं काय?

आमच्या भागात अजून एक जिवंत दप्तर आहे, ते म्हणजे हेळवी. बैल घेऊन गावोगाव फिरणारा हा समाज उत्तर कर्नाटकात आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात आढळतो. ठरलेल्या घराण्यांच्या पिढ्या त्यांच्या चोपड्यांत असतात. दारात बसून ते मूळ पुरुषापासून नावं म्हणतात, नवी नावं भरून घेतात आणि धान्य, कपडे, पैसे नेतात. वाड्याला कुलूप लागलं की हेळवी दारावरून परत जातो आणि आपलं पान तिथंच थांबतं. पुण्यातल्या सोसायटीचा वॉचमन त्याला बैलासकट आत सोडणार आहे का?

कुणी म्हणेल, एवढा उद्योग करून मिळणार काय? 2023 साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि लोक माळ्यावरच्या ट्रंका धुंडाळू लागले. पण दाखल्यासाठी गरज पडेपर्यंत थांबलं तर ट्रंकेत वाळवी भेटते. आणि दाखला मिळो न मिळो, आपली माणसं कुठून आली, कशावर जगली, दुष्काळात काय केलं, हे माहीत असणं हीच मोठी गोष्ट आहे.

वाडे पाडूच नका, असं मी म्हणत नाही. माळवदावर पावसाळ्याआधी माती टाकायला आज माणूस मिळत नाही. गळणाऱ्या छपराखाली म्हाताऱ्यांनी राहावं आणि आपण होस्टेलवरून वारशाच्या गप्पा माराव्यात, हे बरोबर नाही. आमच्याही घरात वाटणी ठरली आहे, पुढच्या उन्हाळ्यात वाडा उतरणार. माझी मागणी एवढीच, की पाडण्याआधी मोजा.

सिव्हिलवाल्यांनी टेप घेऊन प्लॅन काढावा, खण मोजावेत, कुठली भिंत नंतरची ते दाखवावं. मेकॅनिकलवाल्यांनी गर्डर, कड्या-कुलपांवरचे शिक्के टिपावेत. कॉम्प्युटरवाल्यांनी कागद नीट स्कॅन करावेत, कळत नसले तरी. वाचणारा पुढं भेटेल, कागद परत भेटणार नाही. आणि सगळ्यांनी मिळून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला प्रत्येक खोलीत नेऊन विचारावं, "इथं कोण राहायचं?" दोन दिवसांचं काम आहे. सेमिस्टरचं जर्नल आपण एका रात्रीत उतरवतो!

सबमिशनची तारीख सरांच्या हातापाया पडून वाढवून मिळते. जेसीबीची मिळत नाही.