पन्नास वर्षांची फियाट विंटेज, आणि पन्नास वर्षांचा ट्रक भंगार?

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण विषय आपल्या शहापूर-मुरबाडचा आहे, चहा घेत वाचा.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरं असलेली नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५ हजार. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. नियम चांगला आहे, माझी त्याला हरकत नाही.

हरकत आहे ती व्याख्येला. त्यात दुचाकी आहे, आणि चारचाकींमध्ये फक्त एम-१ वर्ग आहे. एम-१ म्हणजे ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ माणसं बसणारी प्रवासी गाडी. मालवाहू गाड्या 'एन' वर्गात मोडतात आणि तो वर्ग त्यात नाहीच. म्हणजे शेठजींची फियाट वारसा, राजेसाहेबांची ब्युइक वारसा, आणि आपल्या तालुक्याचं भात, गवत, वीट, लाकूड ज्याने वाहिलं तो ट्रक मात्र किलोच्या भावाने.

हे मी हवेत बोलत नाही. आम्ही चार-पाच जण गेली दोन वर्षं रविवारचे किन्हवली-सरळगाव रस्त्यालगत एका बंद भातगिरणीच्या मागे जातो. तिथे साठच्या दशकातला एक टाटा-मर्सिडीज उभा आहे. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये करार संपला, तोवर टाटाच्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. आपल्याकडची म्हातारी माणसं अजून 'बेंझ' म्हणतात ती हीच गाडी. आमच्यात मिस्तरी कुणीच नाही. एक मास्तर, एक एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, एक केबलवाला, आणि बाकीचे माझ्यासारखे हात काळे करायची हौस असलेले. अडलं की टोकावड्याकडचे एक रिटायर मिस्तरी काका येतात, खुर्चीवर बसून शिव्या घालतात आणि बरोबर सांगतात.

इंजिन जाम होतं. नोझल काढून सिलेंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. आठवडाभराने फ्लायव्हीलला टॉमी लावून बघितलं तर हललं नाही. पुन्हा ओतलं. चौथ्या रविवारी ते केसभर सरकलं, तेव्हा आमच्या मास्तरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. टाकी उतरवून आत खडी टाकली आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून पाळण्यासारखी हलवली, तेव्हा बादलीभर गंज निघाला. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. ब्रेकच्या व्हील सिलेंडरमधलं रबर दगडासारखं झालेलं. त्याचं माप घेऊन कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन फेऱ्या झाल्या, शेवटी दुसऱ्या गाडीचं किट बसलं. पाण्याच्या पंपाचं बुश कल्याणला लेथवर बनवून घेतलं.

आणि मग एअर. डिझेल गाडी बरेच दिवस उभी राहिली की लाइनमध्ये हवा धरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल यायला लागलं की आवळायचा. मग नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून तेच. वाचायला दोन ओळी आहेत, करायला अख्खी दुपार गेली. पण ही गोष्ट एकदा हाताने केली की डिझेल इंजिन म्हणजे काय ते जन्मभर विसरत नाही. स्कॅनर नाही, सेन्सर नाही. डिझेल आलं, दाब बसला, की पेटणारच. नाही पेटलं तर कारण डोळ्याला दिसतं किंवा कानाला ऐकू येतं.

आता कुणी म्हणेल, जुनं ते सोनं म्हणून गळा काढतोय. तसं नाही. नवे ट्रक सगळ्या बाजूंनी बरे आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, धूर कमी झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, ते तर फार आधी व्हायला हवं होतं. आमच्या त्या बेंझमध्ये इंजिनाची धग थेट पायावर येते आणि पॉवर स्टिअरिंग नाही. असल्या गाडीत माल भरून ज्यांनी रात्री कसारा आणि माळशेज उतरवला, त्यांच्या खांद्यांचं काय झालं ते त्यांच्या घरच्यांना विचारा. जुने ट्रक पुन्हा धंद्यावर लावा, असं मी मुळीच म्हणत नाही. १५ वर्षांवरच्या ट्रकची फिटनेस फी १ एप्रिल २०२२ पासून दीड हजारावरून साडेबारा हजारांवर नेली, त्यावर मालकांचं दुखणं वेगळं आहे आणि ती वेगळी पोस्ट होईल. धूर ओकणारी, ब्रेक नसलेली गाडी घाटात नको, याच्याशी मी सहमत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की एखादा ट्रक रिकामा, उजेडात, वर्षातून चार-सहा वेळा, तपासणी करून रस्त्यावर आणता यावा. शाळेत दाखवायला न्यावा, म्हशाच्या यात्रेत उभा करावा. पौष पौर्णिमेच्या त्या बाजारात बैल आणि घोंगड्या बघायला माणूस लांबून येतो, तो ट्रकही बघेल. आज हे कायद्याने करायचं तर एकच वाट आहे: दुसऱ्या कुठल्या ट्रेलरवर चढवून न्यायचा. इंग्लंडमध्ये जुन्या ट्रक-बसची लंडन ते ब्रायटन अशी फेरी साठच्या दशकापासून निघते. तिथे लॉरी म्हणजे देशाचा इतिहास आहे आणि आपल्याकडे पार्किंगची अडचण.

आणि 'एन' वर्ग उद्या नियमात घातला तरी भागणार नाही. 'मूळ रूप' म्हणजे काय, हे ट्रकच्या बाबतीत वेगळं ठरवावं लागेल. कारखान्यातून तेव्हा बहुतेक ट्रक नुसती चेसिस, इंजिन आणि पुढचं तोंड एवढेच बाहेर पडायचे. केबिन आणि फाळका बांधायचा इथला सुतार, इथल्या सागाच्या लाकडात. रंग भरायचा इथला पेंटर. मग मूळ कुठलं, जमशेदपूरचं की इथलं? नियमात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. ट्रकचं इंजिन आयुष्यात दोनदा बोअर होतंच, आणि लाकडी केबिन चार पावसाळ्यांनी नवी बांधावीच लागायची. कार गॅरेजमध्ये पांघरूण घेऊन झोपली म्हणून ती मूळ रूपात राहिली. ट्रक राबला म्हणून बदलला. राबण्याची शिक्षा त्याला कशाला?

दुसरी मागणी तालुक्यातली आहे, त्यासाठी दिल्लीला जायला नको. आपल्या आयटीआयमधली मुलं मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करतात. कापून ठेवलेल्या इंजिनाच्या मॉडेलवर ती नावं पाठ करतात आणि मग एमआयडीसीत कंत्राटी लागतात, बऱ्याचदा भलत्याच कामावर. सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते, त्या सरळ स्क्रॅपला जातात. त्यातली एकेक जीप, एकेक ट्रक तालुक्याच्या आयटीआयला का देऊ नये? रस्त्यावर नाही आणायचा, आवारात खोलायचा आणि जोडायचा. एका बॅचने खोललेला दुसऱ्या बॅचने चालू करून दाखवायचा. यात खर्च कसला, तर ऑइल, ग्रीस आणि गॅसकेटचा. आमच्याकडे दर रविवारी दोन आयटीआयची पोरं येतात. नोझल हातात धरून फवारा बघितल्यावर त्यातला एक म्हणाला, "सर, हे तर पुस्तकात होतं!"

भातसाचं धरण बांधलं गेलं तेव्हाचे दगड, रस्त्यांची खडी, मुंबईच्या तबेल्यांचं गवत, सगळं याच गाड्यांच्या पाठीवरून गेलं. ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला, आपल्या तालुक्यातून गाड्या आता भुर्रकन निघून जातात. आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाणाऱ्या पोराला घाटात गाडी तापायची म्हणजे काय, हे कसं कळणार? त्याला दाखवायला एक तरी गाडी चालू हवी.

आमदार-खासदारांच्या ऑफिसात द्यायला एका पानाचं निवेदन तयार केलंय: विंटेजच्या व्याख्येत मालवाहू वर्ग घ्या, आणि ट्रकसाठी 'मूळ रूप' वेगळं ठरवा. सही करायची असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, कागद घेऊन आम्ही येतो. जुन्या ट्रकमालकांच्या आणि ड्रायव्हरांच्या घरच्यांनी तर नक्की लिहा.

आणि हो, एक कामाचं. आम्हाला त्या बेंझची पुढची जाळी आणि उजव्या हेडलाइटची रिंग पाहिजे. डोळखांब, धसई, खर्डी, वासिंद, कुठेही कुणाच्या वाड्यात, कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून पडली असली तरी चालेल. फोटो टाका. बदल्यात खुराड्याला नवा पत्रा आमच्याकडून.